पंचविसावा ताव

बाइंडिंगच्या कारखान्यात तिला सगळे धाकटी म्हणत. वय चौतीस झालं, घरात सात वर्षांची मुलगी आली, कानाजवळचे दोन-चार केस पांढरे झाले, तरी ती धाकटीच राहिली. त्याला कारण होतं. खिडकीजवळच्या ज्या टेबलावर ती आता उभी राहायची, त्याच टेबलावर तिच्या बाबांनी अडतीस वर्षं कागद मोजले होते. थोरली बहीण अभ्यासात हुशार, ती शिकायला दुसऱ्या गावी गेली. धाकटी मात्र शाळा सुटली की बाबांचा डबा घेऊन कारखान्यात यायची आणि डबा खाऊन होईपर्यंत कागदाच्या गठ्ठ्यावर बसून राहायची. नाव तेव्हा पडलं ते कायमचं चिकटलं. कारखान्यात खळीचे डबे उघडेच असतात, एकदा चिकटलेलं सहसा सुटत नाही.

तिचं काम मोजणीचं. पंचवीस तावांचा एक दस्ता, वीस दस्त्यांची एक रीम. मोजणीचं यंत्र आलं होतं, पण पातळ कागदाचे दोन ताव चिकटले की यंत्र ते एकच धरतं. बोटाला मात्र ते कळतं. म्हणून वह्या, नोंदवह्या आणि उत्तरपत्रिका यांचा कागद अजून हातानंच मोजला जायचा. उजव्या हातानं गठ्ठ्याचा कोपरा पिळून पंख्यासारखा उघडायचा आणि डाव्या अंगठ्यानं पाच-पाच ताव ओढत जायचं. अशा पाच चिमट्या झाल्या की दस्ता पुरा. मध्ये रंगीत चिठ्ठी घालायची आणि पुढे जायचं.

बाबांनी तिला दोन गोष्टी शिकवल्या होत्या. मोजताना बोलायचं नाही, आणि उरलेल्या ढिगाकडे बघायचं नाही.

"ढिगाकडे बघितलंस की मेलीस," ते म्हणायचे. "ढीग कधी कुणाला संपलेला दिसत नाही. चिमटी दिसते, चिमटीकडे बघ."

आणखी एक गोष्ट होती, ती कुणी शिकवली नव्हती. ती कारखान्याची रीतच होती. बाबांच्या तरुणपणी दस्ता चोवीस तावांचा असायचा. चार-चारच्या सहा चिमट्या. मग कागद गिरणीनं तो पंचवीसचा केला. हुकूम एका दिवसात आला, पण हाताला हुकूम कळत नाही. वर्षानुवर्षं चोवीसला थांबलेले हात चोवीसलाच थांबायचे. शेवटी मोजणाऱ्यांनी आपापसात ठरवलं की शेजारच्याचा दस्ता अपुरा दिसला तर मोठ्यानं "एक कमी!" म्हणायचं. ज्याला ऐकू येईल त्यानं हातातलं काम थांबवून आपला दस्ता पुन्हा बघायचा. रागवायचं नाही, लाजायचं नाही, "तू कोण मला सांगणार" म्हणायचं नाही. हळूहळू ते सगळ्यांच्या जिभेवर बसलं. कुणाच्या शर्टाचं बटण तुटलेलं असलं, कुणी डब्याचा चमचा विसरला, तरी शिलाईवरची मावशी बसल्या जागेवरून ओरडायची, "एक कमी!"

धावणं तिच्या आयुष्यात उशिरा आलं. एकोणिसाव्या वर्षी. गावातल्या सगळ्या कारखान्यांचे मिळून खेळ होते, त्यात बायकांची लांब पल्ल्याची शर्यत होती. आपल्या कारखान्यातून कुणीतरी हवं म्हणून मावशीनं तिचं नाव परस्पर देऊन टाकलं. मैदानाला बारा फेऱ्या होत्या. पाचव्या-सहाव्या फेरीनंतर बाकीच्या मुली एकेक करून बाहेर पडल्या. धाकटी पहिल्या फेरीत ज्या चालीनं धावत होती त्याच चालीनं बारावी संपवून उभी राहिली आणि घाम पुसून डबा कुठे ठेवलाय ते शोधू लागली.

तिथे एक गृहस्थ आले. शाळेत खेळ शिकवायचे आणि उरलेल्या वेळात धावपटू तयार करायचे. ते तिचे सर झाले.

"दमली नाहीस?" त्यांनी विचारलं.

"दमले की."

"मग थांबली का नाहीस?"

"अजून बारा कुठे झाल्या होत्या?"

सर पुढे कितीतरी वर्षं हा संवाद लोकांना सांगत. त्यांचं म्हणणं असं की बाकीच्या मुली दमल्या नव्हत्या, कंटाळल्या होत्या. "दमणाऱ्याला मी शिकवू शकतो," ते म्हणत. "कंटाळणाऱ्याला ब्रह्मदेव आला तरी शिकवू शकत नाही."

त्यानंतरची पंधरा वर्षं एकसारखी गेली. पहाटे पाचला उठायचं, नदीकाठच्या रस्त्यानं अठरा किलोमीटर. साडेनऊला कारखान्यातल्या टेबलापाशी. संध्याकाळी पुन्हा दहा. रविवारी तीस. तिचा नवरा रुग्णालयात लिफ्ट चालवायचा. तो म्हणे, "मी दिवसभर वर-खाली करतो आणि ही गोल-गोल. सरळ वाटेनं जाणारं आमच्या घरात कुणी नाहीच." पण पहाटेचा चहा तोच करायचा आणि तिच्या बुटांत ओल राहू नये म्हणून रात्री त्यांत वर्तमानपत्राचे बोळेही तोच कोंबायचा.

दहा हजार मीटर ही तिची शर्यत. पंचवीस फेऱ्या. पहिल्यांदा हा आकडा ऐकला तेव्हा तिला हसूच आलं होतं. "म्हणजे एक दस्ता," ती म्हणाली होती. पाच-पाचच्या पाच चिमट्या.

एकदा एका वर्तमानपत्रातली मुलगी तिला भेटायला कारखान्यात आली होती. तिनं वही उघडून विचारलं, "इतका वेळ धावताना तुमच्या मनात नेमकं काय असतं? जिंकायची जिद्द? देश? घरचे?"

धाकटीनं बराच विचार केला. पाहुणीला नाराज करायचं नव्हतं.

"आकडा असतो," ती म्हणाली.

"कुठला आकडा?"

"जी फेरी चालू असेल तो."

"आणि पुढची फेरी?"

"ती आल्यावर तिचा आकडा असतो."

मुलगी वहीत फारसं काही न लिहिता गेली. मावशी हसून हसून खोकायला लागली. "अगं, थोडं खोटं बोलायचंस! आई आठवते म्हणायचंस. छापून तरी आलं असतं."

पण ती खोटं बोलत नव्हती आणि खरं लपवतही नव्हती. शर्यतीच्या मधल्या फेऱ्या तिला मनापासून आवडायच्या. सुरुवातीला लोक टाळ्या वाजवतात, शेवटी ओरडतात. मधल्या दहा-बारा फेऱ्यांत कुणी बघत नाही, लोक चहा प्यायला उठतात. पायांत कळ भरत असते, छाती भात्यासारखी चालत असते, आणि तरी एक फेरी मागच्या फेरीसारखीच काढायची असते. रंगीत चिठ्ठी घालायची, पुढे जायचं. तिथे तिला घरात असल्यासारखं वाटायचं.

मोजणीत ती एकदाच चुकली होती, सहा वर्षांपूर्वी. मुलगी झाल्यानंतरची तिची ती पहिलीच मोठी शर्यत. तेव्हा ती फेऱ्या मनात मोजायची. मध्येच मन घराकडे गेलं, आणि एक फेरी हिशेबातून निसटली. उरलेल्या फेऱ्यांचा आकडा दाखवणारी पाटी दोन म्हणत होती, तिच्या मनात तीन होते. तिनं मनाचं ऐकलं. शेवटच्या फेरीची घंटा झाल्यावर बाकीच्या सुटल्या तेव्हाही ती जपून धावत राहिली. चौथी आली, आणि पायांत सगळी ताकद शिल्लक. सर दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी इतकंच म्हणाले, "हरलेल्या माणसाला दम लागलेला असला की मला वाईट वाटत नाही."

त्या दिवसापासून ती हातावर मोजू लागली. डाव्या हाताचा अंगठा पहिल्या फेरीला तर्जनीवर, दुसरीला मधल्या बोटावर, मग अनामिका, मग करंगळी, आणि पाचवीला मूठ बंद. मूठ झाली की उजव्या हाताचा अंगठा एक बोट पुढे. बोटं तशीच ठेवून धावायचं. बाबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी मान डोलावली. "बरोबर. हात आणि डोकं यांचं भांडण झालं तर हाताचं ऐकावं. डोकं दहा जणांचं ऐकून आलेलं असतं."

या वर्षीची राष्ट्रीय शर्यत तिच्यासाठी शेवटची होती. कुणी तसं बोललं नव्हतं, पण तिची डावी पोटरी ते रोज पहाटे बोलायची. जागतिक स्पर्धेला या अंतरासाठी देशातून एकच बाई जाणार होती, या शर्यतीत पहिली येईल ती. धाकटी नऊ वर्षं देशातल्या पहिल्या पाचांत होती. दोनदा दुसरी, तीनदा तिसरी. देशाबाहेरच्या लहानसहान स्पर्धांना दोनदा जाऊन आली होती, पण जागतिक स्पर्धेला कधी नाही. यंदा नाही तर कधीच नाही.

निघायच्या दिवशी बाबा दारापर्यंत आले. आता त्यांना कमी ऐकू यायचं, पण बसल्या जागी अंगठा मात्र गुडघ्यावर पाच-पाच ओढत राहायचा. "पुरे मोजून ये," ते म्हणाले. यशस्वी हो, वगैरे काही नाही.

शर्यत संध्याकाळी साडेपाचला सुरू झाली. वारा पडला होता. मैदानावरचं मोठं घड्याळ गेली दोन वर्षं बंद होतं, त्याच्या चौकटीत चिमण्यांनी संसार मांडला होता. धाकटी मनगटावर घड्याळ बांधत नसे आणि सरांनी एकूण वेळ सांगायची नाही असा तिचा दंडक होता. एकूण वेळ म्हणजे ढीगच. सर मैदानाच्या पलीकडच्या बाजूला कठड्याशी उभे राहून फक्त त्या फेरीचे सेकंद ओरडायचे.

"एकोणऐंशी!"

पुन्हा, "एकोणऐंशी!"

दहा फेऱ्यांनंतर पुढे चौघीच उरल्या. सगळ्यांत पुढे होती ती बावीस वर्षांची मुलगी, हातपाय इतके लांब की सगळे तिला शिडी म्हणत. शेवटच्या फेरीत तिच्यासारखं सुसाट कुणी सुटू शकत नसे, आणि हे शिडीलाही माहीत होतं, धाकटीलाही. धाकटीकडे तो वेग नव्हता. तिच्याकडे होती तिची चाल. तेरावी फेरी, चौदावी, पंधरावी. मूठ बंद झाली, उजवा अंगठा अनामिकेवर गेला. धाकटी पुढे येऊन थोडं ओढू लागली. अठ्ठ्याहत्तर. पुन्हा अठ्ठ्याहत्तर. शिडी मागेच होती, पण तिचा श्वास आता ऐकू येत होता.

अठराव्या फेरीच्या शेवटी गडबड झाली. पुढच्या चौघी रेषेपाशी आल्या आणि नेमक्या त्याच वेळी मागे पडलेल्या दोघी त्यांच्या वाटेत आल्या. काही क्षण सहा जणींचा घोळका एकदम रेषेवरून गेला. रेषेजवळ खुर्चीवर बसलेले एक काका पाटीवरचे आकडे उलटत होते. घोळक्यात कोण पुढची आणि कोण मागची ते त्यांना दिसलं नसावं. त्यांनी पाटी एकदा उलटली, आणि मागच्यांना पुढच्या समजून पुन्हा एकदा उलटली.

धाकटीनं पाटी पाहिली. सहा.

डावा अंगठा अनामिकेवर होता. उजवाही अनामिकेवर. पंधरा आणि तीन, अठरा. राहिल्या सात.

तिचा पहिला विचार असा की पाटी चुकली. लगेच दुसरा विचार आला की मागच्या वेळीही मला हेच वाटलं होतं.

पलीकडच्या बाजूला सर ओरडले, "अठ्ठ्याहत्तर! सहा राहिल्या, सहा!" सरांनी फेऱ्यांचा आकडा कधी सांगितला नव्हता. आज पाटीकडे बघून त्यांनाही राहवलं नाही. त्यांच्या हातातल्या घड्याळात फेरीचा क्रमांक बारीक अक्षरांत येत होता, पण तो वाचायला लागणारा चष्मा त्यांच्या खिशात होता.

आता पाटी, सर, सोबतच्या तिघी आणि सगळं मैदान एकीकडे, आणि तिची दोन बोटं एकीकडे. तिनं अंगठा करंगळीवर सरकवला. मग मूठ. वीस. पाटी म्हणाली चार. थकलेल्या माणसाला कमी आकडा नेहमी खरा वाटतो. तिला तो इतका खरा वाटत होता, इतका हवासा वाटत होता, की त्याचाच तिला संशय यायला लागला. खरोखरच चार असत्या तर किती बरं झालं असतं! पाच चिमट्यांतली शेवटची चिमटी जरा कमी असती तर कुणाला कळणार होतं?

एकवीस. बावीस. पोटरीत दोरा ओढल्यासारखी कळ गेली. तिनं पाटीकडे बघणं सोडून दिलं.

तेविसाव्या फेरीच्या शेवटी घंटा वाजली.

शिडी तिच्या बाजूनं अशी गेली की हवेचा झोत लागला. मागोमाग दुसरी गेली, तिसरी गेली. मैदान उठून उभं राहिलं. सरांचा आवाज फाटला होता. "शेवटची! सोड आता! अगं, सोड!"

हा क्षण नंतर ती कुणालाच नीट सांगू शकली नाही. तिची खात्री होती, असं लोकांनी परस्पर ठरवून टाकलं. खात्री नव्हती. पाटी खरी असेल तर ती पुन्हा चौथी येणार होती, पुन्हा पायांत ताकद शिल्लक ठेवून, आणि या वेळी पुढचं वर्ष नव्हतं. थोडं धावावं, थोडं राखावं, असाही विचार आला. पण तसं केलं तर पाटी खरी असो की हात, दोन्हीकडून मार होता. अंगठा अनामिकेवर होता. तो तिथे तिनं ठेवला नव्हता, बावीस वेळा आधीचं बोट होतं म्हणून तो तिथे आला होता. तिनं अंगठा करंगळीवर सरकवला आणि त्याच चालीनं निघाली.

ती फेरी तिच्या आयुष्यातली सगळ्यांत एकटी फेरी. पुढच्या तिघी लांब लांब जात होत्या. कुणीतरी कठड्यावरून ओरडलं, "ताई, झोपलात काय?" शेवटच्या वळणावर तिला दिसलं की शिडीनं रेषा ओलांडली, हात वर केले, चार पावलं गेली आणि गुडघ्यांवर हात टेकून वाकली. दुसरी तिच्या शेजारी गवतावर आडवी झाली. तिसरी आली आणि कमरेवर हात ठेवून आभाळाकडे बघू लागली. काका घंटा खाली ठेवत होते.

धाकटी रेषेजवळ आली. गप्प राहून पुढे गेली असती तर ती शेवटची फेरी तिची एकटीची होती. हा विचार तिच्या मनात आलाच नाही असं नाही. पण तो यायच्या आधी तोंडातून शब्द निघून गेले होते. शेजारचा हात चोवीसला थांबलेला दिसला की पंधरा वर्षं जे शब्द निघत आले होते, तेच.

"एक कमी!"

शिडीनं मान वर केली. "काय?"

"एक कमी! एक फेरी राहिलीये! ऊठ, पळ!"

आणि ती पुढे गेली. मागे काय झालं ते तिनं पाहिलं नाही. ते नंतर सरांनी सांगितलं. शिडीनं काकांकडे पाहिलं. काकांनी मागे बसलेल्या नोंदणीवाल्यांकडे पाहिलं. तिथे प्रत्येक धावपटूच्या नावानं एक कागद होता आणि ती रेषेवरून गेली की तिची वेळ त्यावर लिहिली जायची. नोंदणीवरची एक बाई बोटानं रकाने मोजत ताडकन उभी राहिली आणि दोन्ही हातांनी पुढे, पुढे अशा खुणा करू लागली. शिडी शिवी देऊन धावत सुटली. तिच्यामागे तिसरी. गवतावरची उठली नाही.

पंचविसाव्या फेरीत धाकटीनं राखलेलं सगळं काढलं. ते फार नव्हतं, पण जे होतं ते तिचं होतं. पलीकडच्या बाजूला सर तोंड उघडं टाकून उभे होते. या वेळी त्यांनी सेकंद सांगितले नाहीत. शेवटचे दोनशे मीटर राहिले तेव्हा मागून पावलं ऐकू आली. तिला आश्चर्य वाटलं आणि भीतीही वाटली. जी पोरगी आत्ता उभी राहू शकत नव्हती ती येत होती. संपलं असं वाटल्यावर किती उरलेलं असतं, हे शिडीला बहुधा त्याच मिनिटात कळत होतं, आणि ते तिला सांगणारी धाकटीच होती. पावलं खांद्यापाशी आली. श्वास कानात आला. धाकटीनं रेषेकडे बघितलं नाही. तिनं मूठ बंद केली आणि त्या मुठीकडे बघत धावली.

पावलं शेवटच्या वीस-तीस मीटरवर जड झाली. धाकटीनं रेषा ओलांडली तेव्हा शिडी हात लांबवला तर लागेल इतकीच मागे होती.

पण शर्यत तिथे संपली नाही. शिडीच्या प्रशिक्षकांनी तक्रार केली. कार्यालयाची खोली लहान, एक लोखंडी कपाट, एक टेबल, खरखर करणारा पंखा. टेबलामागे तिघे पंच.

"घंटा वाजली की पुढची फेरी शेवटची," प्रशिक्षक म्हणाले. "माझ्या मुलीनं घंटेनंतरची फेरी पहिल्या क्रमांकानं संपवली. चूक तुमची, शिक्षा तिला का?"

त्यांच्या बोलण्यात दम होता, हे पंचांच्या चेहऱ्यांवर दिसत होतं. मधले पंच कागद पुढे-मागे करत राहिले. मग त्यांनी शिडीला विचारलं, "तू पुन्हा का धावलीस?"

शिडी भिंतीला टेकून उभी होती. तिनं आपल्या प्रशिक्षकांकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "या ताई म्हणाल्या एक कमी. मी म्हटलं, इतकं पळून आल्यावर कुणी उगीच एक फेरी जास्त पळेल का?"

पंचांना हसू आलं. मग ते गंभीर झाले. "हे बघा," ते प्रशिक्षकांना म्हणाले, "एकटी ही बाई पंचवीस पळून बाकी सगळ्या चोवीसला थांबल्या असत्या, तर खरं सांगतो, आम्ही अडकलो असतो. कदाचित घंटेनंतरच्या फेरीवरच निकाल लावावा लागला असता. पण इथे तिघींच्या कागदावर पंचवीस नोंदी आहेत. शर्यत दहा हजार मीटरची आहे, घंटेची नाही. निकाल राहील."

धाकटीला ते कळायला थोडा वेळ लागला. तिनं हाक दिली नसती तर निकाल घंटेनंतरच्या फेरीवर लागला असता, आणि त्या फेरीत ती चौथी होती.

बाहेर आल्यावर व्हरांड्यात पाटीवाले काका उभे होते. हातात टोपी. डोळे लाल.

"बाई, माझ्यामुळे..." ते म्हणाले. "बावीस वर्षं पाटी उलटतोय हो मी."

"काका, आमच्या कारखान्यात एक कमी म्हटलं की कुणी कुणाला रागवत नाही," ती म्हणाली. "पुन्हा मोजायचं आणि पुढे जायचं. तुम्ही चहा घेतला का?"

सर पायरीवर बसले होते. चष्मा नाकावर होता आणि घड्याळ अगदी डोळ्यांजवळ. त्यांनी ते तिच्यापुढे धरलं. बारीक अक्षरांत पंचवीस.

"सगळा वेळ माझ्याच हातात होतं," ते म्हणाले. "आणि मी तुला सोड म्हणून ओरडत होतो."

"ओरडलात ते बरं केलंत. त्यामुळे तर मी जास्त घट्ट धरलं."

सरांनी तिच्याकडे संशयानं पाहिलं. "खरं सांग. खात्री होती?"

"नव्हती," ती म्हणाली.

सरांनी चष्मा काढला आणि खिशात न ठेवता तो दोरीला अडकवून गळ्यात घातला.

तिनं घरी फोन लावला. नवऱ्यानं आधी मुलीला दिला, मुलीनं किंचाळून तो आजोबांना दिला. बाबांना सगळं दोनदा ओरडून सांगावं लागलं. पहिली आले, जाणार आहे, हे त्यांना कळलं की नाही, समजेना. पाटीचं आणि घंटेचं सांगायला तिनं सुरुवात केली तेव्हा त्यांनी तिला मध्येच तोडलं.

"पुरे झाले का पंचवीस?"

"झाले, बाबा."

"बाकीच्यांचे?"

"दोघींचे झाले. एकीचा एक कमी राहिला."

पलीकडे ते मनातल्या मनात काहीतरी ओढत असणार, पाच-पाच.

"तिला सांगितलं होतंस ना?"

"सांगितलं होतं."

"मग झालं," बाबा म्हणाले. "आता जेव काहीतरी." आणि फोन कसा बंद करायचा ते त्यांना येत नसल्यामुळे तो तसाच चालू राहिला. तिला बराच वेळ घरातला पंखा, मुलीची बडबड आणि नवऱ्याचं कुणाला तरी "एक ताट कमी आहे, आण" म्हणणं ऐकू येत राहिलं.